शेवटून पहिलं आलेलं गाणं

एका गाण्याने हुकूमशाही पाडली, अशी एक गोष्ट पोर्तुगालबद्दल नेहमी सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी जास्त मजेशीर आहे आणि तिचं एक टोक थेट आपल्या गोव्यापर्यंत येतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी युरोव्हिजन म्हणजे काय ते थोडक्यात. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो गावात सात देशांनी मिळून ही गाण्यांची स्पर्धा सुरू केली. प्रत्येक देशाच्या सरकारी किंवा सार्वजनिक टीव्हीने एक गाणं पाठवायचं, सगळ्या देशांत एकाच वेळी थेट प्रक्षेपण व्हायचं, आणि मग प्रत्येक देशाच्या परीक्षकांनी दुसऱ्यांच्या गाण्यांना गुण द्यायचे. स्वतःच्या गाण्याला मत नाही. आपल्याकडच्या सारेगमपमध्ये गायक स्पर्धक असतो, इथे देश स्पर्धक असतो. त्यामुळे गाण्याच्या नावाखाली दुसरंच काहीबाही चालतं, हे ओघाने आलंच.

पोर्तुगाल यात शिरला १९६४ ला. तेव्हा तिथे सालाझारची सत्ता होती. हा गृहस्थ १९३२ पासून पंतप्रधान. निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रं छापायच्या आधी सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जायची, आणि ‘पिदे’ नावाचे गुप्त पोलीस कोण कुठे काय बोलतो ते टिपून ठेवायचे. टीव्ही सरकारचाच. म्हणजे युरोव्हिजनला जाणारं गाणं हे सरकारचंच पाहुणेमंडळ म्हणा ना.

२१ मार्च १९६४, कोपनहेगन. आंतोनियो काल्व्हारियो नावाच्या लोकप्रिय गायकाने ‘ओरासांव’ म्हणजे ‘प्रार्थना’ हे गाणं म्हटलं. प्रार्थना काही ऐकली गेली नाही. गुण शून्य. पहिल्याच वर्षी भोपळा फोडणारा पोर्तुगाल हा पहिला देश. (एकटा नव्हता, त्या रात्री चार देशांना भोपळा मिळाला. पण बाकीच्यांचं ते पदार्पण नव्हतं.) त्याच कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे एक माणूस फलक घेऊन सरळ रंगमंचावर चढला. फलकावर फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असं लिहिलेलं. कॅमेरा झटकन गुणफलकाकडे वळवला, माणसाला बाहेर काढलं आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. त्या वर्षीच्या कार्यक्रमाचं पूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, आवाज तेवढा शिल्लक आहे.

इथे एक आपली नोंद करून ठेवतो. काल्व्हारियो कोपनहेगनमध्ये प्रार्थना म्हणत होता तेव्हा लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात एक मराठी माणूस बसलेला होता. मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, आझाद गोमंतक दलाचे, १९५५ मध्ये गोव्यात पकडले गेलेले, २६ वर्षांची शिक्षा झालेले. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मोकळा झाला, पण रानडे मोकळे झाले नाहीत, कारण तोवर त्यांना पोर्तुगालला नेलेलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी इकडे जी समिती झटत होती तिच्यात पुढे कोण होतं? सुधीर फडके. होय, आपले बाबूजी. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना गळ घातली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी. हे नाव आज गोव्याबाहेर किती जणांना माहीत असेल, मला शंका आहे.

असो. परत गाण्यांकडे.

१९६१ पासून अंगोलात, १९६३ पासून गिनीत आणि १९६४ पासून मोझांबिकमध्ये पोर्तुगालचं युद्ध सुरू झालं. सरकारचं म्हणणं असं की आमच्याकडे वसाहती नाहीतच. हे सगळे आमचे ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ आहेत, आम्ही सगळे एकच राष्ट्र, वर्णभेद वगैरे आमच्यात नाही. आणि १९६७ ला युरोव्हिजनसाठी कोण गेलं? एदुआर्दो नासिमेंतो. लुआंडात, म्हणजे अंगोलात जन्मलेला कृष्णवर्णीय गायक. गाण्याचं नाव, ‘वारा बदलला’. आफ्रिकेत त्या काळात बदलाच्या वाऱ्याची भाषा सगळीकडे चाललेली, त्यात हे नाव! सालाझारनेच जगाला दाखवायला त्याला पाठवलं, असं तेव्हापासून बोललं जातं. त्याला पुरावा नाही, आणि माझ्या मते गरजही नाही. नासिमेंतो उत्तम गायचा, देशातली निवड फेरी जिंकून गेला होता. पण सरकारला ते सोयीचं पडलं हेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला. अलंकारिक नाही, अक्षरशः खुर्चीवरून पडला, डोक्याला मार लागला आणि कारभार मार्सेलो काएतानोकडे गेला. लोकांना वाटलं आता जरा मोकळं होईल. आणि नेमक्या त्या दिवसांत एक वल्ली पुढे आली, आरी दोस सांतोस. कवी, जाहिरातीच्या धंद्यात पोट भरणारा, कम्युनिस्ट, समलैंगिक आणि ते न लपवणारा. म्हणजे सरकारला नको असलेलं सगळं एकाच माणसात. या माणसाने ठरवलं की बंदी असलेली कविता चार मित्रांत वाचण्यापेक्षा अख्खा देश जो कार्यक्रम बघतो त्यातच शिरायचं. १९६९, १९७१, १९७३ आणि १९७७, अशी चार वर्षं पोर्तुगालचं युरोव्हिजन गाणं त्याच्या लेखणीतलं होतं.

१९६९ चं गाणं सिमोन द ऑलिव्हेराने म्हटलं. मक्याची कणसं सोलण्याच्या गावाकडच्या रिवाजावरचं गाणं, वरवर अगदी लोकगीतासारखं. पण त्यात एक ओळ अशी होती की बाईने सुखातून मूल जन्माला घालण्याबद्दल उघड बोलावं. कॅथलिक पोर्तुगालमध्ये, १९६९ साली, सरकारी टीव्हीवर! गहजब झाला. माद्रिदला स्पर्धा झाली आणि सोळापैकी पंधरावा नंबर आला. तरीही सिमोन लिस्बनला परतली तेव्हा रेल्वे स्टेशनवर तिच्या स्वागताला प्रचंड गर्दी. पंधराव्या आलेल्या गायिकेला. लोक गुणांसाठी आलेले नव्हते, हे उघड आहे.

त्या वर्षी आणखी एक गंमत झाली. चार देशांना सारखेच गुण पडले आणि बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता, म्हणून चौघांना विजेते ठरवलं. या गोंधळावर चिडून पुढच्या वर्षी नॉर्वे, स्वीडन, फिनलंडबरोबर पोर्तुगालही घरी बसला.

१९७३ चं ‘तोरादा’ तर कमालच. तोरादा म्हणजे बैलांची झुंज. गाणं ऐकलं तर रिंगण, बैल, घोडेस्वार, तिकीट काढून आलेले बघे, सगळं वर्णन. आणि ज्याला कान आहेत त्याला कळतं की रिंगण म्हणजे देश. सेन्सॉरने ते कसं सोडलं यावर आजही लोक हसतात. माझा अंदाज असा की निळी पेन्सिलवाला माणूस शब्द तपासत होता आणि शब्दांत खरंच काही नव्हतं. आपल्याकडे आणीबाणीत जे संपादक अग्रलेखाची जागा कोरी सोडायचे, त्यांना ही युक्ती नवी वाटली नसती.

आता १९७४.

त्या वर्षीचं गाणं मात्र आरीचं नव्हतं. शब्द जुझे नीझाचे, चाल जुझे काल्व्हारियोची, गायक पाउलो द कार्व्हालो. नाव, ‘ई देपोईस दो आदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’. प्रियकर-प्रेयसीची ताटातूट, विरह, थोडा हुंदका. राजकारणाचा लवलेश नाही. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्पर्धा झाली. ही तीच स्पर्धा, जी ‘ॲबा’ने ‘वॉटर्लू’ म्हणून जिंकली आणि जगभर नाव कमावलं. पोर्तुगालला तीन गुण. सतरा देशांत चौदावा नंबर, तोही तीन इतर देशांबरोबर वाटून घेतलेला. म्हणजे सरळ मराठीत शेवटचा.

त्याच स्पर्धेत दुसरा नंबर आला इटलीचा. गाण्याचं नाव ‘सी’, म्हणजे ‘हो’. तेही साधं प्रेमगीत. पण इटलीत महिन्याभराने घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत होतं, हो किंवा नाही. गाण्यात वारंवार ‘हो’ येतं, त्याने मतदार बिथरतील म्हणून इटलीच्या सरकारी टीव्हीने आपल्याच देशाचं गाणं असलेली स्पर्धा वेळेवर दाखवलीच नाही! लोकशाही असलेल्या इटलीचं सरकार प्रेमगीताला घाबरलं, आणि हुकूमशाही असलेल्या पोर्तुगालचं सरकार घाबरलं नाही. तीन आठवड्यांनी काय झालं ते बघा.

पोर्तुगीज सैन्यातले मधल्या फळीतले अधिकारी, मुख्यतः कॅप्टन, तेरा वर्षांच्या युद्धाने वैतागलेले होते. पगार, बढत्या, १९७३ चा एक अन्यायकारक बढतीचा हुकूम, अशी तात्कालिक कारणं होतीच. पण त्यामागे एक जुनी जखमही होती, आणि ती गोव्याची. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा शिरल्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज सैनिक साडेतीन हजारांच्या आसपास. विमानं नाहीत, कुमक नाही. सालाझारचा हुकूम मात्र असा की शरण यायचं नाही, मरा. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने हकनाक माणसं मारण्यापेक्षा १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. सुटून गेल्यावर त्याला आणि इतर काही अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, व्हासालोला तर सैन्यातून काढून टाकलं. यातून तरुण अधिकारी काय शिकले? की लिस्बनमधला म्हातारा जिंकता न येणाऱ्या लढाईत आपल्याला ढकलणार, आणि हरलो की दोषही आपल्याच माथी मारणार. उद्या अंगोलात, गिनीत हेच होणार. कॅप्टनांचं बंड एकट्या गोव्यामुळे झालं, असं मी म्हणत नाही. पण पोर्तुगालचा इतिहास सांगताना गोवा वगळला तर हे कॅप्टन समजत नाहीत.

१६ मार्च १९७४ ला काल्दास दा राइन्याच्या एका तुकडीने घाईत बंड केलं आणि ते फसलं. त्यामुळे पुढच्या वेळी सगळ्या तुकड्या एकाच क्षणी हलायला हव्यात, हे पक्कं झालं. पण निरोप द्यायचा कसा? फोनवर पोलीस कान लावून बसलेले. सैन्याचं वायरलेस सरकारच्या हातात. मग कटाचा सूत्रधार ऑतेलो सराइव्हा द कार्व्हालो (गायकाचा नातेवाईक नाही, कार्व्हालो आडनाव तिकडे आपल्या पाटलांसारखं आहे) याने रेडिओचा मार्ग धरला. ठरलेल्या वेळी ठरलेलं गाणं लागलं की समजायचं.

ऑतेलोला पहिल्यांदा झेका अफोन्सोचं गाणं हवं होतं. झेका म्हणजे विरोधकांचा लाडका गायक, त्याची कित्येक गाणी रेडिओवर बंद. रेडिओ निवेदक जुवांव पाउलो दिनिश याने सांगितलं की ते लावलं तर लगेच डोळ्यांवर येईल. त्याऐवजी ते युरोव्हिजनचं लावू. ते सध्या सगळीकडे वाजतंय, कुणाला काही वाटणार नाही.

तर हा मुद्दा आहे. ते गाणं क्रांतिकारक होतं म्हणून निवडलं नव्हतं. ते निरुपद्रवी होतं म्हणून निवडलं होतं. तीन गुण मिळवून शेवटचं आलेलं, सरकारी टीव्हीनेच पाठवलेलं, सगळ्यांनी ऐकून ऐकून कंटाळा आलेलं गाणं. त्याच्यावर कोण संशय घेणार?

२४ एप्रिल, रात्री १०.५५. लिस्बनच्या एका स्टेशनवरून दिनिशने ते लावलं. या स्टेशनचा पल्ला लिस्बन परिसरापुरताच, त्यामुळे हा फक्त ‘तयार राहा’ असा इशारा. खरा ‘निघा’चा हुकूम मध्यरात्रीनंतर, १२.२० ला, कॅथलिक चर्चच्या मालकीच्या रेडिओ रेनासेन्सावरून देशभर गेला. त्यासाठी झेका अफोन्सोचंच ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ वापरलं. चर्चच्या रेडिओवरून कम्युनिस्टांच्या लाडक्याचं गाणं, सरकार उलथवायला. ‘एका गाण्याने’ असं म्हणताना लोक या दोन गाण्यांची सरमिसळ करतात. एक वरातीआधीची सुपारी आणि दुसरं प्रत्यक्ष बोलावणं, असा फरक आहे.

पहाटे सांतारेमहून कॅप्टन साल्गेइरो मायाची घोडदळ शाळेची तुकडी चिलखती गाड्या घेऊन लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात उभी राहिली. लोकांना रेडिओवरून घरातच थांबा असं सांगितलं जात होतं, आणि लोक बाहेर येत होते. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेस्त काएइरो या बाईंकडे कार्नेशनची फुलं होती. सैनिकाने सिगारेट मागितली, ती नव्हती, म्हणून फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. संध्याकाळपर्यंत काएतानोने कार्मो बराकीत शरणागती दिली. रक्त सांडलंच नाही असं मात्र म्हणू नका. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चार माणसं गेली. २६ च्या रात्री काशियासचा तुरुंग उघडला आणि राजकीय कैदी बाहेर आले. तोच काशियास, जिथे रानडे होते.

आणि गोवा? गोवा १९६१ पासून भारतात होता, पण पोर्तुगालच्या कागदावर तो अजून पोर्तुगालचाच होता. राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले. क्रांती झाली, जुलैमध्ये नव्या राजवटीने वसाहतींचा हक्क कायद्याने मान्य केला, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही मारियो सुआरेश यांची, जे स्वतः सालाझारच्या काळात तुरुंग आणि हद्दपारी भोगून आलेले. भारतातर्फे सही परराष्ट्रमंत्र्यांची, म्हणजे यशवंतराव चव्हाणांची. व्हासालो ई सिल्व्हालाही त्याच वर्षी सैन्यात पुन्हा मानाने घेतलं. चव्हाण म्हटलं की आपल्याला संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आणि चीन युद्धानंतरचं संरक्षण खातं आठवतं. ही सही कुणाला आठवत नाही.

पुढच्या वर्षी, १९७५ ला, पोर्तुगालने युरोव्हिजनला कुणाला पाठवलं? दुआर्त मेंदेश. पेशाने सैन्यात कॅप्टन, २५ एप्रिलच्या उठावात स्वतः भाग घेतलेला. गाण्याचं नाव ‘पहाट’. एकोणीस देशांत सोळावा. १९७६ ला कार्लोस दो कार्मोने म्हटलेले शब्द मानुएल आलेग्रे या नुकत्याच हद्दपारीतून परतलेल्या कवीचे. बारावा. क्रांतीने गुण काही वाढले नाहीत. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९९६ ला लुसिया मोनिशचा सहावा नंबर आला हाच काय तो पराक्रम, आणि लगेच १९९७ ला पुन्हा भोपळा.

२०११ ला मात्र जुनं भूत जागं झालं. देश कर्जात बुडालेला. लोकांनी फोनवरून मतं देऊन ‘ओमेंश दा लुता’ या विनोदी जोडगोळीला निवडून दिलं, जे १९७५ च्या चळवळ्यांची नक्कल करत कर्णा घेऊन फिरायचे. त्यानंतर आठवड्याभरात बेरोजगार तरुणांचे प्रचंड मोर्चे निघाले, आणि एप्रिलमध्ये सरकारने युरोपकडे मदत मागितली, जी ७८ अब्ज युरोंची ठरली. युरोव्हिजनमध्ये हे गाणं उपांत्य फेरीतच गारद झालं. २०१३ ला तर पोर्तुगालने भागच घेतला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेत पंतप्रधान बोलत असताना प्रेक्षक सज्जातून लोक उठले आणि ‘ग्रांदोला’ गाऊ लागले. पंतप्रधानांना थांबावं लागलं.

सालाझारच्या काळात एक चेष्टेचा वाक्प्रचार होता की हा देश तीन ‘फ’वर चालतो. फादो, फातिमा, फुटबॉल. गाणं, देवस्थान आणि खेळ दिले की लोक गप्प. १३ मे २०१७ ला हे तीनही एकाच दिवशी जुळून आले. फातिमाला शताब्दीसाठी खुद्द पोप आले. संध्याकाळी बेनफिका सलग चौथ्यांदा लीग जिंकला. आणि रात्री कीव्हमध्ये साल्व्हादोर सोब्रालने पोर्तुगालला पहिल्यांदा युरोव्हिजन जिंकून दिलं. ५३ वर्षांनी. बहीण लुईसाने लिहिलेलं संथ गाणं, पोर्तुगीजमध्ये, ना नाच ना धूर. (फादो नव्हता तो, जॅझच्या अंगाचं होतं, पण वाक्प्रचार जुळवायला कोण बघतो.) गायकाचं हृदय इतकं कमकुवत की सुरुवातीच्या तालमी बहिणीने केल्या. त्याच डिसेंबरात त्याच्यावर हृदयरोपण झालं. ७५८ गुण, तोवरचा उच्चांक. जिंकल्यावर तो माणूस माइकवर म्हणाला ते साधारण असं की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे. तेवढंच बोलून बहिणीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून पुन्हा गाणं म्हटलं.

नियमाप्रमाणे पुढची स्पर्धा विजेत्याच्या घरी. २०१८ ला लिस्बनमध्ये नदीकाठी थाटामाटात सोहळा झाला. अंतिम फेरीत २६ देश होते. यजमान पोर्तुगालचा नंबर आला सव्विसावा.